भरली की निघते

साताऱ्याहून कराडकडे जाताना, कराड सतरा-अठरा किलोमीटर उरले असता, उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. नद्यांप्रमाणे रस्तेही येथे एकमेकांना मिळतात. पूर्वेला कृष्णा ओलांडून मसूरकडे जाणारा रस्ता, पश्चिमेला चरेगाववरून चाफळच्या खोऱ्यात शिरणारा, मल्हारपेठेवरून पाटणकडे वळणारा, तारळीच्या काठाने पाल आणि तारळे या गावांकडे चढणारा, आणि या सर्वांना मधोमध छेदून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक चार होता. आता तो अठ्ठेचाळीस झाला आहे. आमच्या खोऱ्यातील माणसे मात्र त्याला आजही नुसते 'हायवे' म्हणतात, आणि हायवेला जायचे म्हणजे उंब्रजला जायचे, हे सांगावे लागत नाही.

उंब्रजला जायचे कसे, हेही सांगावे लागत नाही. वडापने जायचे.

हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला कदाचित अडखळवील. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तो इतका रुळलेला आहे, की त्याला दुसरा शब्द असू शकतो असे आम्हांला वाटतच नाही. सीटवर पैसे घेऊन, वाटेत हात करील त्याला घेऊन, म्हणेल तेथे उतरवून जाणारी खासगी गाडी म्हणजे वडाप. ती जीप असेल, ट्रॅक्स असेल, हल्लीची मॅजिक असेल. गाडी बदलते, नाव बदलत नाही. गाडीलाही वडाप म्हणतात आणि धंद्यालाही. 'पोरगा काय करतो?' या प्रश्नाला 'वडाप करतो' हे आमच्याकडे पूर्ण उत्तर आहे.

पुढे शिकू लागल्यावर मला कळले, की जगात हे एकट्या आमचेच नाही. तुर्कस्तानात किनाऱ्यावरच्या गावांतून प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या अशाच लहान गाडीला 'डोल्मुश' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ 'भरलेली'. भाजीच्या पोटात सारण भरून करतात तो 'डोल्मा' हा पदार्थही त्याच धातूचा. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्या वडापला कुणी 'भरलं वांगं' म्हटले असते, तर ते अगदीच चुकीचे ठरले नसते. केनियात अशा गाडीला 'मटाटू' म्हणतात. त्या नावात स्वाहिली भाषेतला 'तीन' हा आकडा दडलेला आहे, कारण एके काळी तिचे भाडे तीन नाणी होते. फिलिपाइन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून लोकांनी 'जीपनी' केली. आपल्याकडेही स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत ज्या जीपगाड्या जोडायला घेतल्या, त्या त्याच युद्धातल्या विलीज जीपच्या. म्हणजे मनिलातली जीपनी आणि चाफळच्या चढावर धापा टाकणारी आमची जुनी जीप या नात्याने एकमेकींच्या चुलत बहिणीच लागतात.

या सगळ्या बहिणींचा एक समान कुळाचार आहे. त्या घड्याळावर निघत नाहीत. भरल्या की निघतात.

एसटीचे तसे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून तिच्यापाशी वेळापत्रक आहे. गाडीत एक माणूस असो की साठ, वेळ झाली की तिने निघावे, अशी अपेक्षा असते. ती उशिरा आली तर आपण रागावू शकतो, कारण तिने वेळेचे वचन दिलेले आहे. वडापने असे वचन कधीच दिलेले नाही. 'कधी निघणार?' असे विचारले, तर चालक घड्याळाकडे पाहत नाही, मागच्या बाकाकडे पाहतो आणि म्हणतो, "दोन सीट आल्या की निघालो." त्या दोन सीट कोण आहेत, कुठे आहेत, घरून निघाल्या की अजून भाकरी खात आहेत, हे कुणालाच माहीत नसते. तरी त्या येणार असतात, आणि बहुतेक वेळा येतात.

वडापमध्ये बसण्याचेही एक शास्त्र आहे. तिघांच्या बाकावर चौघे बसतात. त्यासाठी 'एक फुडं, एक मागं' असे आळीपाळीने बसावे लागते, म्हणजे खांद्याला खांदा अडत नाही. एकटी बाई असेल तर तिच्याशेजारी बाईच बसेल, अशी उठबस चालक न सांगता करवून घेतो. शाळेची मुले दप्तर मांडीवर घेतात. म्हातारी माणसे पायाशी पिशवी आणि पिशवीत कोंबडी ठेवतात. पैसे मागून पुढे हातोहात जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. मधल्या सहा हातांपैकी एकानेही त्यातला रुपया कमी केल्याचे मी पाहिलेले नाही. चालकापाशी कराडच्या दवाखान्यातल्या माणसाचा डबा असतो, कुणाची औषधे असतात, कुणाच्या घराची किल्ली असते. कशाचीही पावती नसते. रामनवमीला चाफळची आणि पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा तर मागच्या पायरीवरही माणसे उभी असतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात याच परिसरात आहेत. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. ते पाहायला येणाऱ्या परगावच्या माणसांनाही अखेर याच शास्त्राला शरण जावे लागते.

या सर्वांत मला नेहमी नवल वाटत आले ते एका गोष्टीचे. गाडी अपुरी असते, तेव्हा आत बसलेला प्रत्येक जण रस्त्याकडे डोळे लावून असतो. वळणावर कुणी दिसले की सगळ्यांचे चेहरे उजळतात. कुणीतरी खिडकीतून हात काढून 'या, या, लवकर या' अशी हाकही देतो. येणारा ओळखीचा नसतो. तरी एखाद्या परक्या माणसाची इतकी मनापासून वाट मी दुसरीकडे कुठे पाहिल्याचे आठवत नाही. आणि गाडी भरून निघाली, की फर्लांगभर अंतरावर हात करणारा पुढचा माणूस त्याच चेहऱ्यांना नकोसा होतो. कपाळावर आठ्या येतात. "आता कुठं बसवतोस रं?" असे कुणीतरी म्हणते. तो माणूस दोन मिनिटे आधी आला असता, तर त्याचे स्वागत झाले असते.

हे मी इतरांविषयी सांगावे असे लिहीत आहे. परंतु ते मला कळले ते स्वतःवरूनच. त्याची हकीकत अशी.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी गावातल्या दूध संस्थेत वही लिहीत असे. लग्नानंतर सुटलेले शिक्षण मी तेव्हा मुक्त विद्यापीठातून पुन्हा सुरू केले होते. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला यशवंतराव चव्हाणांचे नाव आहे, आणि माझे परीक्षा केंद्र त्यांच्याच कराडात होते, याचे मला मनोमन अप्रूप होते. घरात मात्र अप्रूप नव्हते. 'या वयात परीक्षा' हा शब्दप्रयोग मी तेव्हा इतक्या वेळा ऐकला, की पुढे तो ऐकू येईनासा झाला. एवढेच ठरले होते, की सकाळचे दूध घातल्याशिवाय मी निघायचे नाही आणि एकही पेपर बुडवायचा नाही. या दोन्ही अटी माझ्याच होत्या.

मे महिना होता. पहाटेची मुक्कामी एसटी सहालाच निघून जाई. ती मला मिळणे शक्य नव्हते. दूध संपायला साडेसात वाजले. आठ वाजता मी चाफळच्या थांब्यावर वडापमध्ये येऊन बसले. पेपर दहाला होता. एरवी त्या वेळेला शाळा-कॉलेजची मुले गाडी पाच मिनिटांत भरून टाकत. पण सुट्टी लागली होती आणि मुले नव्हती. हा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. बारा सीटांशिवाय गाडी हलत नसे आणि आम्ही सात जण बसून होतो. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. मी पदरात टिपणांची वही धरून रस्त्याकडे पाहत होते. त्या अर्ध्या तासात खोऱ्यातून कुणीही यावे, चोर आला तरी चालेल, असे मला वाटत होते.

आठ चाळीसला मी उठून चालकाजवळ गेले आणि म्हणाले, "पाच सीटचे पैसे मी देते. आता निघा."

सीटला पंधरा रुपये होते. पाच सीटचे पंच्याहत्तर झाले. दूध संस्थेत मला महिन्याला पंधराशे मिळत. म्हणजे ती माझी दीड दिवसाची कमाई होती. चालकाने माझ्याकडे एकदा पाहिले, पैसे खिशात ठेवले आणि गाडी सुरू केली.

मी पुढच्या सीटवर बसले होते. चरेगावच्या अलीकडे एका फाट्यावर एक बाई उभी होती. कडेवर मूल होते, त्याच्या डोक्यावरून पदर घेतलेला होता. तिने हात केला. चालकाने गाडी हळू केली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "ताई, सीटा तुमच्या हायत. घिऊ का?"

गाडीत पाच जागा मोकळ्या होत्या. तिला घ्यायला अर्धे मिनिट लागले असते. मी म्हणाले, "नका थांबू. उशीर होतोय."

गाडीचा वेग पुन्हा वाढला. मागे कुणी काही बोलले नाही. एका आजोबांनी खाकरून बाहेर पाहिले. मी वही उघडली, परंतु वाचले काहीच नाही. उंब्रजला उतरताच कराडची एसटी मिळाली. मी केंद्रावर पोहोचले, तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी होती. ती दहा मिनिटे मी आवारातल्या झाडाखाली बसून काढली. अर्ध्या मिनिटाचा हिशेब मला तेथे लागला. उशिराचे कारण खोटे होते. खरे कारण असे होते, की त्या जागांचे पैसे मी मोजले होते आणि मोजल्याबरोबर त्या माझ्या झाल्या होत्या.

पुढे कधीतरी मी मोटार वाहन कायद्यातला भेद वाचला. १९८८चा हा कायदा प्रवासी वाहतुकीचे दोन प्रकार मानतो. वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत जाते ती टप्पा वाहतूक. आणि संपूर्ण गाडी ठरवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली जाते, वाटेत परक्या माणसाला घेतले जात नाही, ती कंत्राटी वाहतूक. वडाप चालते ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर, किंवा परवान्याशिवाय, आणि करते मात्र पहिल्या प्रकारचे काम. म्हणूनच पोलीस दिसले की चालक दोघातिघांना आधीच उतरवतो आणि पुढे जाऊन त्यांची वाट पाहतो. हा भेद वाचताना माझ्या मनात आले, की त्या सकाळी आमची गाडी कायद्याच्या अगदी जवळून गेली असली पाहिजे. जागेपेक्षा जास्त माणसे नव्हती. वाटेत कुणाला घेतले नव्हते. आणि तरी त्या रस्त्यावर इतकी चुकीची गाडी मी दुसरी पाहिलेली नाही.

वडापची बाजू घेऊन मी हे म्हणते आहे, असे वाचकाने समजू नये. तिच्यात कोंबलेली माणसे जिवाची बाजी लावून जातात, हे खरेच आहे. पायरीवर उभ्या असलेल्या पोराला विम्याचा कागद विचारत नाही. चढावर मागे घसरणाऱ्या गाडीत मी स्वतः डोळे मिटून बसलेली आहे. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य वडीलधाऱ्यांनी आम्हांला शिकवले, ते काही उगाच नव्हे. मात्र ज्या फाट्यावर एसटी थांबत नाही, किंवा तिची वेळ आणि तापाने फणफणलेल्या मुलाची वेळ जुळत नाही, तेथे ते वाक्य म्हणायला माणसाच्या अंगी मोठीच फुरसत असावी लागते.

जुलैत, एका पावसाच्या संध्याकाळी, मी उंब्रजच्या सेवा रस्त्यावर चाफळची वडाप गाठली. गाडी तीच होती, चालक तोच होता. मागच्या बाकावर तीन बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मूल मांडीवर घेतले, अंग चोरले आणि म्हणाली, "बसा ताई. सरकते मी." मी बसले. गाडी सुटल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"झाली का परीक्षा तुमची?"

मी चमकले. तिला कसे ठाऊक, असे विचारण्याआधीच तीच सांगू लागली. त्या दिवशी गाडी थांबली नाही. दुसरी कुठली आली नाही. तासाभराने हीच गाडी उंब्रजहून माघारी आली, तर ती अजून तेथेच उभी. चालकाने तिथूनच गाडी वळवली आणि तिला एकटीला उंब्रजला नेऊन सोडले.

"दवाखाना सुटता सुटता पोचलो बघा. लई ताप व्हता ह्याला. मी पैसं द्याया गेले तर डायवर घेईना. म्हनला, मघा एका ताईंनी पाच सीटचं पैसं भरल्यात, त्यात तू आलीस. तुमची परीक्षा व्हती म्हनं." तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमच्या पैशात आलो ताई आमी त्या दिशी."

पावसाचे पाणी ताडपत्रीवर वाजत होते. आरशात चालकाचे डोळे मला दिसत होते. तो रस्त्याकडेच पाहत होता. त्याने माझे नाव झाकले होते आणि माझे पैसे योग्य जागी पोहोचवले होते. मी नुसते हसून मान हलवली असती, तर गोष्ट तेथेच संपली असती. त्या बाईच्या मनात मी एक भली बाई म्हणून राहिले असते. तसे करण्याचा मोह मला झाला, हे मी लपवत नाही.

मी म्हणाले, "मी गाडीत होते. त्यांनी मला विचारलं होतं, घेऊ का म्हणून. मीच नको म्हणाले."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मूल माझ्या पिशवीच्या बंदाशी खेळत होते. मग ती म्हणाली, "आत बसल्याव समदीच म्हणत्यात, ताई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि क्षमाही नव्हती. पाऊस पडतो, दूध नासते, तसे तिने ते सांगितले. चरेगावच्या पुढे, त्याच फाट्यावर, ती उतरली. उतरताना मूल तिने क्षणभर माझ्याकडे दिले, खाली पाय टेकले, पदर सावरला आणि मग ते माझ्या हातातून घेतले. मी भाड्याचे पैसे काढले, तेव्हा चालकाने फक्त पंधरा रुपये घेतले आणि बाकीचे हातोहात मागे पाठवले.

त्यानंतर मी बी. ए. झाले. दूध संस्थेची वही गेली, तेथे संगणक आला. उंब्रजचा वडापचा थांबाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा याच गाड्यांनी आमचे खोरे हलते ठेवले. पुढे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. बायका एसटीकडे वळल्या. वळल्या ते योग्यच झाले, मीही वळले. पोरांच्या घरोघर मोटारसायकली आल्या. आता नंबर लावून उभ्या असलेल्या गाड्यांपुढे चालक पान खात, मोबाइल पाहत बसून असतात आणि सीट भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो.

परवा एसटी चुकली म्हणून मी पुष्कळ दिवसांनी वडापमध्ये बसले. नऊ सीट झाल्या होत्या. चालक नवा होता, पोरसवदा. अर्धा तास झाला, तरी गाडी निघेना. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अरे, भरू आपण सगळे मिळून राहिलेल्या सीटचं. काढ गाडी." हिशेब सोपा होता, माणशी थोडेसेच आले असते. मीही पैसे काढले आणि दिले. मग चालकाला म्हणाले, "वाटेत कुणी हात केला, तर विचारू नकोस. थांब."

त्याने मान डोलावली आणि किल्ली फिरवली. चरेगाव येईपर्यंत आम्ही सगळेच रस्त्याच्या कडेला पाहत होतो.